मागच्या खोलीची साफ टेबलं

फौजदारबाई पोलिसात नव्हत्या. त्या सार्वजनिक ग्रंथालयात मदतनीस होत्या. हुद्द्याचा आणि दराऱ्याचा काही संबंध असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्यांच्यासमोर पुस्तकाचं पान दुमडून पाहायला हवं होतं. एका वकिलांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं, तर बाईंनी त्यांना सांगितलं की उद्यापासून जीभ घरी ठेवून या. वकील दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. बाईंना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. एक वाचक कमी झाला तर एक खुर्ची नीट राहते, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ते इतकं चपखल बसलं की त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणाला आठवत नसे. त्यांच्या ताब्यात मागची खोली होती. घरी न्यायला मिळत नाहीत अशी पुस्तकं तिथे असत. जाडजूड कोश, नकाशांचे खंड, यंत्रांच्या दुरुस्तीची पुस्तकं, कुठे कुठे मोठ्या घड्या उलगडणारी चित्रं. ज्याला हवं त्याने यावं, टेबलाशी बसावं, काय हवं ते उतरवून घ्यावं आणि जावं. माणूस उठला रे उठला की बाई टेबलापाशी हजर. पुस्तक उचलायचं, फडक्याने पुसायचं आणि कपाटात त्याच्या जागी, कण्याला कणा जुळवून लावायचं. माणूस दारापर्यंत पोहोचायच्या आत टेबल कोरं. संध्याकाळी कुलूप लावताना दिवसभरात इथे कोणी आलं होतं असं सांगूनही खरं वाटू नये, ही बाईंची शान होती.

या सवयीलाही कारण होतं. बाई तरुणपणी झाडलोटीच्या कामावर लागल्या, तेव्हाच्या ग्रंथपालांनी एक हरवलेलं पुस्तक बाईंनी रद्दीत टाकलं असा आळ घेतला होता. भर दालनात, लोकांसमोर. दोन दिवसांनी ते पुस्तक एका टेबलावर दुसऱ्या मोठ्या पुस्तकाखाली सापडलं. माफी कोणी मागितली नाही. बाईंनी त्या दिवशी मनाशी ठरवलं की यापुढे माझ्या टेबलावर पुस्तक राहणारच नाही, मग बघू कोण बोट दाखवतं. पुढे त्या मदतनीस झाल्या, ग्रंथपाल बदलत गेले, बाईंची टेबलं साफच राहिली.

मग नवा ग्रंथपाल आला. वयाने बाईंच्या मुलाएवढा, गळ्यात सदा कसली तरी वायर लोंबकळत असलेला. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, चार्जर. त्यानेही बाईंना 'बाई' म्हणण्याऐवजी 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली, आणि तो शब्द असा काही उच्चारायचा की शिवी परवडली असती. दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं, आणि त्यात विळा कोण आणि भोपळा कोण हे रोज बदलायचं.

चार्जरने इ-पुस्तकं आणली. म्हणजे आणली असंही म्हणता येत नाही, कारण दिसायला काहीच आलं नाही. दाराशी एक फलक लागला, आणि लोक काउंटरवर पुस्तकांऐवजी फोन पुढे करून पासवर्ड विचारू लागले. बाई त्यांना सांगत, मला विचारू नका, हवेला विचारा. पुढे एकदा त्यांना कळलं की या हवेतल्या पुस्तकालासुद्धा रांग असते. प्रकाशक ग्रंथालयाला एका प्रतीची परवानगी देतो, ती एका वेळी एकालाच वाचता येते, बाकीच्यांनी नंबर लावायचा. वर ठरावीक वेळा देऊन झालं की परवानगी संपते आणि तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यावं लागतं. हे ऐकून बाई खूप वेळ हसल्या. झिजत नाही, फाटत नाही, तरी संपतं, असलं पुस्तक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

चार्जर म्हणाला, "हसा मॅडम. रांग आहे म्हणजे वाचणारे आहेत. तुमच्या खोलीला आहे का रांग?"

खरं सांगायचं तर चार्जरची बाजू लंगडी नव्हती. मोतीबिंदूने पुस्तकं सुटलेल्या एक बाई आता अक्षरं हवी तेवढी मोठी करून वाचत होत्या. एक बसचालक गाडी आगारात लावून, घरी चालत जाताना कादंबऱ्या ऐकत होता. हे लोक ग्रंथालयात यायचे नाहीत, पण ग्रंथालयाचेच होते. फौजदारबाईंना ते मान्य नव्हतं. जो माणूस दारातून आत आला नाही आणि ज्याच्यावर आपण एकदाही ओरडलो नाही, तो वाचक कसला, असं त्यांचं म्हणणं.

घरीही तीच लढाई. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात सासू आणि सून. सून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. घरी आली की एका हाताने पोळी लाटायची आणि ओट्यावर फोन उभा करून त्यात डोकं घालायची. बाई भिंतीला सांगितल्यासारखं बोलत की काहींना माणसांपेक्षा डबडी प्यारी. सूनही काही कमी नव्हती, ती ऐकू न आल्यासारखं करायची, आणि ते जास्त लागायचं. एकदा मात्र बाईंनी फोन सरळ उचलून पालथा घातला. सुनेने लाटणं खाली ठेवलं.

"आई, मी पुस्तक वाचतेय. आणि ते तुमच्याच लायब्ररीचं आहे. या वर्षातलं कितवं, ते मलाही आठवत नाही."

बाईंच्या तोंडात कोणी मारल्यासारखं झालं. स्वतःच्या स्वयंपाकघरात, आपल्या नाकाखाली, शत्रूचा वाचक. त्या दिवसापासून दोघींमधलं बोलणं मीठ दे, दार लाव, इतक्यावर आलं.

हे सगळं चाललेलं असताना चार्जरने आपली योजना ग्रंथालयाच्या समितीपुढे ठेवली. मागची खोली रिकामी करायची. तिथे मोठे पडदे, फोन-टॅबलेट जोडायची टेबलं, इ-पुस्तकं शिकवायचे वर्ग. कपाटांतली पुस्तकं काढून टाकायची, कारण कॉम्प्युटरच्या नोंदीनुसार पाच वर्षांत त्या खोलीतल्या एकाही पुस्तकाला कोणी हात लावलेला नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात लावलेला नाही? त्या खोलीत रोज माणसं बसत होती. परीक्षेची मुलं, नकाशे बघणारे, आणि सगळ्यात जुने वाइंडिंगवाले काका. काकांचं जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून देण्याचं दुकान होतं. जुनी, बंद पडलेल्या कंपनीची मोटर आली की आत किती वेढे आणि किती जाडीची तार हे कुठे सापडत नसे. ते सापडे एकाच जागी, मागच्या खोलीतल्या एका काळ्या पुठ्ठ्याच्या, तक्त्यांनी भरलेल्या पुस्तकात. काका यायचे, हात धुवायचे, आकडे उतरवायचे आणि जायचे. बाई ज्यांच्यावर कधी ओरडल्या नाहीत असे ते बहुधा एकुलते एक वाचक.

समितीची बैठक ठरली. बाईंनी खोलीतल्या सगळ्यांना हुकूम सोडला की साक्षीला यायचं. विनंती त्यांना कधी जमली नव्हती, ती आता कुठून जमणार? परीक्षेच्या मुलांनी माना डोलावल्या. नकाशेवाल्यांनी नक्की येतो म्हणून सांगितलं. बैठकीच्या दिवशी आले फक्त वाइंडिंगवाले काका, धुतलेला शर्ट घालून, हातांना व्हार्निशचा वास तसाच. बाकीच्यांना बाईंच्या खोलीची गरज होती, बाईंची नव्हती.

अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चार्जरला बोलू दिलं, मग फौजदारबाईंकडे वळल्या. बाईंनी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. ते पहिल्या वाक्यापर्यंत टिकलं. नंतर त्यांनी चार्जरची, त्याच्या वायरची आणि त्याच्या कॉम्प्युटरची सालटी काढली. यंत्राला डोळे नाहीत, माणसाला तरी असावेत, केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खोलीत कोण बसतं हे काय कळणार, असं बरंच काही. शेवटी त्यांनी काकांना उभं केलं.

काका आयुष्यात पहिल्यांदाच समितीपुढे बोलत होते. त्यांनी सांगितलं की आपण तरुणपणापासून या खोलीत येतो, खोली कधी रिकामी पाहिली नाही, त्या पुस्तकाशिवाय आपला धंदा चालणार नाही. मग आपल्या बाजूने बोलणाऱ्या बाईंसाठी दोन चांगले शब्द बोलावेत असं त्यांच्या मनात आलं.

"आणि बाईंची शिस्त सांगतो. मी उठलो की पुस्तक टेबलावर राहत नाही. माझी पाठ फिरायच्या आत बाईंनी ते कपाटात लावलेलं असतं. माझ्याच नाही, सगळ्यांच्या बाबतीत. एक दिवस चुकलेला नाही."

चार्जरने हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्याने विचारलं, "मॅडम, पुस्तक कपाटात लावायच्या आधी तुम्ही ते काउंटरवरच्या स्कॅनिंग मशीनखालून काढता ना?"

"कशाला?" बाई म्हणाल्या. "कुठलं पुस्तक कुठे जातं हे मला मशीन सांगणार?"

मग त्याने समितीला समजावून सांगितलं, आणि प्रत्येक वाक्यागणिक त्याचा आवाज उतरत गेला. जे पुस्तक घरी जात नाही, ते कोणी वाचलं हे कॉम्प्युटरला कळायचा एकच मार्ग असतो. वाचून झालं की पुस्तक टेबलावर किंवा दाराजवळच्या ढकलगाडीवर ठेवायचं, संध्याकाळी गाडीवरचं प्रत्येक पुस्तक मशीनखालून काढायचं, आणि मगच कपाटात लावायचं. कॉम्प्युटर आला त्या वर्षी ती गाडीही आली होती. गाडी आता कुठे आहे, असं अध्यक्षबाईंनी विचारलं.

गाडी कोठीच्या खोलीत होती. तिच्यावर बादल्या होत्या. दाराशी अडगळ नको म्हणून बाईंनी ती पहिल्याच आठवड्यात आत ढकलली होती.

"वाचून झालेली पुस्तकं टेबलावरच राहू द्या, अशी चिठ्ठी मी भिंतीवर लावली होती," चार्जर म्हणाला. "दोनदा."

"मी काढली होती," फौजदारबाई म्हणाल्या. "दोनदा." टेबलावर पुस्तकं राहू द्या म्हणजे आपल्या कामाला नावं ठेवणं, असा अर्थ त्यांनी तेव्हा घेतला होता. म्हणताना त्यांचा आवाज चढलेला होता, वाक्य संपेपर्यंत तो कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही.

चार्जरने मग जे सांगितलं ते खरं तर त्याच्या हिताचं नव्हतं. तो म्हणाला की आपण रुजू झाल्यावर दिवसभर त्या खोलीत बसून पाहायचं ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळ्या वाचकांसमोर आपल्याला खुर्ची सरळ लावायला लावली. लोक हसले. त्यानंतर आपण त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तेव्हा चूक दोघांची आहे, तीन महिने नीट नोंद करून पाहू.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं. पाच वर्षं त्या खोलीत जितके वाचक बसले, तितक्यांची खूण बाईंनी स्वतःच्या हाताने, फडक्याने पुसून काढली होती. आणि तरीही खोली वाचवायला एक फट उरली होती, चार्जरचे तीन महिने. पण समितीतही माणसंच होती. अध्यक्षबाईंना एकदा चष्म्याचं घर टेबलावर आपटलं म्हणून फौजदारबाईंनी नातीसमोर गप्प केलं होतं. उरलेल्यांपैकी निम्म्यांना केव्हा ना केव्हा मागच्या खोलीतून उठवलेलं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या की एका गृहस्थांच्या शब्दावर अख्खी खोली ठेवता येत नाही, आणि नोंद ठेवू दिली नाही हा काही ग्रंथालयाचा दोष नव्हे. हात वर झाले. कोणी बाईंकडे पाहिलं नाही, एवढा तरी संकोच त्यांनी दाखवला.

काका बाहेर पडताना गोंधळलेले होते. चार्जरचे तीन महिने तेवढे त्यांच्या कानात राहिले होते, आपण काय बिघडवलं आणि शेवटी काय ठरलं हे त्यांना उमगलं नव्हतं, आणि ते सांगायला बाई थांबल्या नाहीत.

पुस्तकं काढायचा दिवस उजाडला. प्रत्येकावर 'रद्द' असा शिक्का मारायचा आणि पोत्यात भरायचं. कागदाचा लगदा करणाऱ्या कारखान्याची गाडी संध्याकाळी येणार होती. शिक्का मारायचं काम बाईंकडे आलं, कारण ती खोली त्यांची. त्या मुकाट्याने मारत होत्या. दुपारी चार्जर दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"मॅडम, यातली कुणाला लागणारी असतील ती बाजूला काढा. त्या मोटरवाल्या काकांचं वगैरे. मी विचारणार नाही."

कोणी मदतीला पुढे केलेला हात घ्यावा, पण तो हात चार्जरचा होता. बाईंच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हा आता उपकार करून मोठा होणार.

"तुमच्या मेहेरबानीची गरज नाही," त्या म्हणाल्या. "काकांचं काय करायचं ते मी बघेन." आणि काय बघणार हे स्वतःलाही ठाऊक नसताना त्यांनी शिक्का टेबलावर टाकला, पर्स उचलली आणि भर दुपारी घरी गेल्या. उरलेलं काम दुसऱ्या कोणी तरी उरकलं.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी त्या कुलूप उघडायच्या आधीच दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत गेल्या तर खोली रिकामी. कपाटं हलवल्यावर भिंतीवर त्यांचे फिकट चौकोन राहिले होते. चार्जर जमिनीवर बसून तारेचं भेंडोळं सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "गाडी अंधार पडेपर्यंत थांबवली होती मी. वाटलं, याल."

बाईंनी ग्रंथालयाच्या फोनवरून कारखान्याला फोन लावला. माल रात्रीच लगद्याच्या हौदात गेला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी कित्येक महिन्यांनी सुनेला मिठाशिवाय दुसरं काही मागितलं. पुस्तकाचं नाव सांगितलं, पुठ्ठ्याचा रंग सांगितला, आणि तुझ्या त्या डबड्यात मिळतं का बघ म्हणाल्या. डबड्यात हा शब्द सवयीने गेला. सुनेने तो ऐकला, पण हात पुसून शोधायला बसली. आपल्या ग्रंथालयात पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, विकत मिळतं का तेही पाहिलं.

"नाही आई. हे कोणी इ-बुक केलंच नाहीये. कुठेच नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतेय." सुनेने फोन त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच बघा. इतकी वर्षं त्याला शिव्या दिल्यात, आता तो तरी काय करणार?"

बाईंनी फोन हातात घेऊन स्वतः पाहिलं. सुनेलाही या जिंकण्यात काही गोडी वाटली नाही.

सुट्टीच्या दिवशी बाई वाइंडिंगच्या दुकानात गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ते दुकान पाहिलं नव्हतं. अरुंद जागा, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, दाराशी दुरुस्तीला आलेल्या मोटरी. काका एक जुनी मोटर उघडून बसले होते. आतल्या तारा जळून कोळसा झाल्या होत्या. बाईंना पाहून ते उठायला लागले आणि म्हणाले की बरं झालं आलात, उद्या येणारच होतो, या मोटरीचे वेढे बघायचे आहेत.

बाईंनी सांगितलं. खोली, शिक्के, गाडी, हौद, सगळं सांगितलं. वाटेत त्यांनी चार्जरला चार शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, त्या निघाल्याच नाहीत. खोली कोणी वापरत नाही असंच कॉम्प्युटरला वाटत राहिलं, कारण मी पुस्तकं तशीच कपाटात लावत होते, हेही त्यांनी सांगितलं. ते पुस्तक वाचवता आलं असतं आणि मी घरी निघून गेले, हेही.

काकांनी बराच वेळ हातातला पाना फिरवला. "म्हणजे मी तिथे येत होतो, हे कुठेच नाही?"

"मला माहीत आहे ना," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत असून काय झालं?" काकांचा आवाज चढला नाही, आणि तेच बाईंना सोसवेना. "मी उठलो की तुम्ही लगेच टेबल साफ करायचात. मला वाटायचं, बाई आपल्याला केवढा मान देतात. त्या सगळ्या लोकांपुढे मी तुमचं कौतुक करून आलो. आणि तुम्ही रोज मला पुसत होतात."

काकांनी उघडी मोटर तशीच बंद केली, तिचे बोल्ट लावले आणि ती उचलून दुरुस्त न होता परत जाणाऱ्या मोटरींच्या रांगेत नेऊन ठेवली. मग दुसरी मोटर पुढे ओढून त्यांनी बाईंकडे न बघताच सांगितलं, "जरा बाजूला व्हा बाई, उजेड अडतोय."